मला ऐकू न आलेलं गाणं

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही धड नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेत असतानाच जमलं नव्हतं, आणि शाळा चौथीत सुटली. पुढे हातात कात्री आली. ब्लाउजची मापं लिहून लिहून आकडे तेवढे नीट येतात, शब्द मात्र ओळ सोडून खाली घसरतात. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी कधी कोणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घाला. हे तोंडाने मला सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले. चार बायकांत बोलायची वेळ आली तरी मी दाराआड सरकते.

लिहायचं आहे ते फोनबद्दल.

आमच्या घरात एकच फोन होता. काळा, बटणांचा. माझे मिस्टर कारंजाच्या बाजार समितीत हमाली करायचे. फोन दिवसभर त्यांच्या खिशात असायचा आणि संध्याकाळी धनजला घरी आला की देवळीजवळच्या खिळ्याला पिशवीत लटकायचा. मला त्याचं फारसं काम पडत नव्हतं. गावातल्या बाया कापड घेऊन घरीच येतात, ब्लाउज शिवून झाला की घरूनच नेतात. आम्हाला मूलबाळ नाही. फोन करायचा तर एकाच माणसाला, किन्हीराजा गावच्या ताईंना. ताई म्हणजे माझी नणंद, मिस्टरांची मोठी बहीण. सासूबाई लवकर गेल्या, ताईंनीच भावाला वाढवलं, त्यांनीच मला पाहून सून करून आणलं. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. आधी भाऊ-बहीण बोलायचे, मग फोन माझ्याकडे यायचा आणि ताई म्हणायच्या, "बोल वं, का तोंडात भाकर हाय?" मी हसायची. त्यांच्याशी मी बोलू शकत होते. बाकी जगात तशी माणसं मला कमीच भेटली.

मिस्टरांनी मला फोन शिकवला तो एवढाच. हिरवं बटण उचलायचं, लाल बटण ठेवायचं. आणि तिसरी गोष्ट अशी की, आमच्या फोनवर अधूनमधून न बोलावता एक चौकोन उगवायचा. आत इंग्रजी मजकूर आणि खाली दोन कोपऱ्यांत दोन शब्द. तो चौकोन गेल्याशिवाय पुढचं काही करता यायचं नाही. मी घाबरून फोन त्यांच्याकडे द्यायची.

"काई नाई वं, कंपनीवाल्याची जाहिरात राह्यते," ते म्हणायचे. "ओके दाब, चालली जाते."

ओके दाबलं की चौकोन जायचा. मला ते शहाणपणाचं वाटायचं. दारात आलेल्या माणसाला हो म्हटलं की तो पुढे जातो, तसं.

सोयाबीनच्या हंगामात, बाजार भरलेला असताना, मिस्टर पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले ते उठले नाहीत. सोबतच्या हमालांनी त्यांना घरी आणलं. फोन रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला. त्यावर सोयाबीनचा भुसा होता. तो मी बरेच दिवस पुसला नाही.

ताई त्याच दिवशी आल्या आणि तेरवीपर्यंत राहिल्या. त्या होत्या म्हणून मी जेवले. तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर मी फोन पाहिला. चौकोन आला होता. मी ओके दाबलं. थोड्या वेळाने पुन्हा आला. पुन्हा ओके दाबलं. घरात माणसं होती, भांडी पडली होती, माझं लक्ष नव्हतं. लक्ष असतं तरी मी तेच केलं असतं. शिकवलेलं तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी ताई गेल्या. जाताना म्हणाल्या, "पोचली की फोन करतो. तू जवळच ठेव फोन, आवाज मोठा कर त्याचा."

मी फोन मांडीवर घेऊन बसले. दुपारी पोळ्या करायला उठले तेव्हा वाजला. मी लगेच उचलला नाही, कारण हाताला कणिक होती. धुतले, पुसले, मग उचलला.

"पोचल्या का ताई?"

पलीकडून काही आलं नाही. मला वाटलं लाईन गेली.

"ताई?"

"पोचली," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दमल्या असतील, मी मनाला सांगितलं. शेलूबाजारला गाडी बदलावी लागते, उभं राहावं लागलं असेल. रविवारी फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. मग मी लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. मधेच एकदा ताईंच्या दिरांनी उचलला. कोण बोलतंय ते कळल्यावर ते मागे वळून कोणाला तरी म्हणाले, "घ्या, तुमची भावजय हाय, मैफिलवाली." आणि मागे कोणीतरी हसलं. फोन बंद झाला.

मैफिलवाली म्हणजे काय, हे मला कळलं नाही. मी त्या शब्दाभोवती दिवसभर शिलाई मारत राहिले. एका बाईच्या ब्लाउजची बाही उलटी लागली, उसवावी लागली.

माणूस एकटं असलं की स्वतःचेच गुन्हे शोधतं. तेरवीला ताईंच्या सासूबाईंना पाट दिला नव्हता का? मिस्टरांची धोतर-बंडी मी हमालीतल्या सोबत्याला दिली, ती ताईंना हवी होती का? ताईंनी आणलेल्या दुखवट्याच्या लुगड्याचा काठ मी पाहून घेतला, तेव्हा तोंड वाकडं झालं होतं का माझं? मी काहीच विचारू शकत नव्हते. विचारायला फोन उचलावा लागतो पलीकडच्याने.

आणि फोनमधले पैसे जात होते. महिन्याचं पॅक मारलं की वर थोडे रुपये मी निराळे टाकायची, अडीअडचणीला. ते राहायचेच नाहीत. मी कोणाशी बोलत नव्हते, तरी ते जायचे. गावातल्या रिचार्जच्या टपरीवर मी एकदाच विचारलं, तेही दुसऱ्या बाईला पुढे करून. टपरीवाला म्हणाला, "बोलत असान तुमी, मावशी. पैसे आपोआप थोडीच जातेत?" मागे उभी असलेली माणसं माझ्याकडे पाहू लागली. मी पदर ओढला आणि घरी आले. एकटी बाई कोणाशी बोलत असेल, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर होता. त्यानंतर मी विचारायचं सोडून दिलं. पैसे टाकत राहिले, जात राहिले.

संक्रांत गेली. आमच्या घरातली रीत अशी की, माणूस गेल्यावर जी पहिली अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते तिला त्याच्या नावाने मातीची घागर भरायची, आणि ती भरताना त्याची बहीण हजर पाहिजे. तिने पाणी घातल्याशिवाय घागर पुरी होत नाही. सासऱ्यांच्या वेळी आत्याबाई दूरवरून आल्या होत्या, ते मी पाहिलेलं आहे. मला दुसरं काही नको होतं. ताईंनी हवं तर बोलू नये, जेवू नये, हातातलं पाणी घागरीत घालावं आणि परत जावं. म्हणून शिमगा झाल्यावर मी पुन्हा रोज फोन लावू लागले.

एका दुपारी ताईंनीच उचलला.

"काहून लावून राह्यली फोन? लोकं हासतात मले."

"ताई, अखाजीले..."

"भावाची तेरवी झाली अन् तुले नाच सुचला. आता अखाजी आठवून राह्यली."

"काय केलं मी? सांगा तं खरं."

"मले कायले इचारतं? तुह्या फोनलेच इचार."

मग टूं टूं. मी फोन हातात धरून त्याच्याकडे बघत बसले. त्याला काय विचारायचं होतं? तो तर दिवसभर नुसता खिळ्याला लटकायचा.

कारंजात बसस्टँडजवळ फोन दुरुस्तीचं एक दुकान आहे. दुकानदार मुसलमान. मिस्टर फोनची बॅटरी तिथूनच घ्यायचे, त्यांची ओळख होती. मी दोनदा दुकानासमोरून नुसती चालत गेले. गर्दी होती. तिसऱ्या वेळी दुकानदाराने मलाच हाक मारली.

"भाभी, आओ ना. उधर धूप में कायकू खडे?"

मी फोन काउंटरवर ठेवला. म्हणाले, "भाऊ, याच्यात काय आहे ते पाहा."

"क्या होता इसको? चार्ज नाई होता? आवाज नाई आता?"

"मला माहीत नाही. लोक म्हणतात याला विचार."

तो हसला नाही, हे त्याचं मी अजून मनात ठेवलं आहे. बटणं दाबली, कानाला लावून पाहिला. "फोन तर अच्छा है," म्हणाला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, स्वतःच्या फोनवरून माझा नंबर लावला. माझा फोन काउंटरवर साधा वाजू लागला, ट्रिंग ट्रिंग, नेहमीसारखा. पण दुकानदाराचा चेहरा बदलला. स्वतःचा फोन त्याने कानापासून दूर धरला, माझ्याकडे पाहिलं, आणि जणू काही गरम वस्तू देतो आहे तसा माझ्या हातात दिला.

मी कानाला लावला. बँड वाजत होता. हळदीच्या दिवशी पोरं नाचतात तसलं गाणं. त्यात एक बाई लाडात येऊन कोणाला तरी सांगत होती की घरी कोणी नाही, आता ये.

माझा फोन समोर ट्रिंग ट्रिंग करत होता आणि माझ्या कानात ती बाई गात होती.

"इसको कॉलर ट्यून बोलते, भाभी," दुकानदार हळू आवाजात म्हणाला. "जो आपको फोन लगाता, उसकूच सुनाई देती. आपको नाई आती."

"मी नाही लावलं हे."

"मालूम है ना. वो मेसेज आता ना बीच में, ओके दबाया तो चालू. पैसा बी काटते रोज."

मला बसायला स्टूल दिलं. पाणी दिलं. मला त्या पाण्यातून ताईंचा पहिला फोन दिसत होता. माझ्या हाताला कणिक होती. मी हात धुतले, पुसले. तेवढा सगळा वेळ ती बाई ताईंच्या कानात गात होती.

इथे माझं मत लिहून ठेवते, कारण नंतर कंपनीने ते मागितलं होतं. फोन वाईट नाही. पडतो, तुटत नाही, एकदा चार्ज केला की दोन-तीन दिवस चालतो, अंधारात बॅटरीसारखा धरता येतो. तो बनवणाऱ्याने मेहनत केली आहे. पण ज्याने तो चौकोन बनवला त्याने वाचता न येणाऱ्या माणसाचा विचार चांगलाच केला असला पाहिजे. वाचता येणारा माणूस नाही म्हणतो. ज्याला वाचता येत नाही तो हो म्हणतो, म्हणजे ब्याद जाईल. दुकानात आम्ही नको असलेलं कापड हातात घेऊन परत ठेवतो, दुकानदार कुरकुरतो पण पैसे घेत नाही. इथे बघितल्याचेच पैसे. आणि माल तो माझ्या घरात ठेवत नाही, माझ्या दारावर टांगतो, बाहेरच्या बाजूने.

दुकानदाराने कंपनीला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. मराठीसाठी हे दाबा, त्याच्यासाठी ते दाबा. मग वाजंत्री. मग आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग पुन्हा वाजंत्री. गिऱ्हाइकं येत होती, थांबत होती, ऐकत होती. मला काउंटरखाली जाऊन बसावंसं वाटत होतं.

शेवटी एक मुलगी बोलली. गोड बोलत होती. म्हणाली, सेवा ग्राहकाच्या संमतीने सुरू झाली आहे, बंद करता येईल, पैसे परत मिळत नाहीत. दुकानदार भांडू लागला. मुलगी म्हणाली, "सर, ज्यांच्या नावावर नंबर आहे त्यांच्याशी बोलता येईल का?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. फोन माझ्यापुढे सरकवला.

"ते नाहीत," मी म्हणाले.

"कधी उपलब्ध होतील, मॅडम?"

पंखा फिरत होता. मी इतक्या लोकांसमोर कधी बोलले नव्हते, चौथीत कवितासुद्धा बाकावर उभं राहून म्हटली नव्हती.

"ते वारले, बाई," मी म्हणाले. "त्यांची तेरवी झाली, अन् तुमचं गाणं सुरू झालं. त्यांच्या बहिणीनं ऐकलं."

त्या मुलीच्या मागे खूप मुलींचे बोलण्याचे आवाज येत होते, बाजारासारखे. मग ती म्हणाली, "सॉरी, मॅडम," आणि तो आवाज आधीच्या गोड आवाजासारखा नव्हता. तिने ट्यून बंद केली. तक्रार लिहून घेतली. दुकानदाराने तिच्याकडून तक्रारीचा नंबर मागून घेतला आणि पुठ्ठ्यावर लिहिला. फोन ठेवताच माझ्या फोनवर मेसेज आला. त्याने वाचून दाखवलं, आमची सेवा तुम्हाला कशी वाटली, एक ते पाचमध्ये मत द्या.

"कितना देना, भाभी?"

"राहू द्या," मी म्हणाले.

बाहेर पडताना एक म्हातारी माझ्या पाठीवर हात ठेवून गेली. ती कोण होती मला माहीत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी किन्हीराजाला गेले. आता सांगण्यासारखं माझ्याकडे काहीतरी होतं, माझा गुन्हा नव्हता हे होतं, आणि वाटेत मी ते शब्द जुळवत राहिले. ताई अंगणात तूर पाखडत होत्या. त्यांच्या सासूबाई ओट्यावर होत्या. त्यांनी मला पाहून तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, "आली काय गानेवाली."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सांगितलं. मग म्हणाले, "ताई, लावून पाहा आता. साधी घंटी वाजते."

ताईंनी सूप खाली ठेवलं नाही.

"मले माईत हाय तूनं नाई लावलं," त्या म्हणाल्या. "म्हैनाभरानं शेजारच्या सुनंच्या फोनलेबी असंच झालं. तव्हाच समजलं."

"मग तुम्ही त्या दिवशी फोनवर रागानं का बोलल्या?"

त्यांनी तूर पाखडली. कोंडा उडून माझ्या पायांवर पडला.

"तो नंबर माह्या भावाचा हाय वं," ताई म्हणाल्या. "त्या दिशी घरी आली, अन् सवयीनं नंबर लावला. तो मेला हे मी पाह्यलं होतं, हातानं अंघोळ घातली होती, तरी बी घंटी वाजेपर्यंत मले वाटलं तोच उचलते. अन् ते गानं वाजलं. तुह्या चुकीचं हाय का कंपनीच्या, मले काय त्याचं? आता डोळे मिटले की माह्या भावाच्या जागी ते गानं येते. तुह्या आवाजाच्या आधी बी तेच येते. काय करू मी?"

ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या, "च्या तं पाजा तिले. एवढ्या उन्हाची आली."

मी चहा घेतला. कपातून बशीत ओतून, हळूहळू, म्हणजे जितका वेळ बसता येईल तितका. अखाजीचं मी निघताना म्हटलं. ताई म्हणाल्या, "पाहू." सुपातून डोकं वर न काढता म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी हात ठेवला डोक्यावर, पण तो लगेच काढला, तुरीचा कोंडा लागेल म्हणून असेल.

अखाजीच्या दिवशी मी घागर आणली, धुतली, खाली गहू पसरले, वर खरबूज ठेवलं. आमरस केला, कुरड्या तळल्या. फोन बाहेर ओट्यावर ठेवला, ताई गाडीतून उतरल्या की लावतील म्हणून. सकाळच्या गाडीने आल्या नाहीत. दुपारच्या गाडीने आल्या नाहीत. फोन एकदा वाजला आणि मी धावत गेले, तर रेकॉर्ड केलेली बाई होती, कुठल्या तरी नव्या पॅकबद्दल सांगत होती. ऊन कलल्यावर शेजारच्या काकू आल्या. त्यांनी घागरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"भरून टाक आता," त्या म्हणाल्या. "मानूस किती येळ तहानलेलं ठेवशीन?"

मी एकटीनेच पाणी घातलं. घागर काठोकाठ भरली. पण आमच्या रीतीने ती पुरी झाली नाही, आणि ती पुन्हा भरता येत नाही. पहिली अखाजी एकदाच येते.

नंतर मी ताईंना फोन केला नाही. त्यांना त्रास व्हायला नको. नवीन नंबर घ्यावा असं मनात आलं होतं, म्हणजे त्यांना दुसऱ्याच कोणाचा फोन आल्यासारखं वाटेल. पण हा नंबर मिस्टरांचा. तो टाकून द्यायचा कसा, हेही कळत नाही. तो टाकला तर ताईंच्या कानातलं गाणं जाईल का, हेही नाही.

कंपनीने आधी थोडे पैसे परत केले. कारंजाच्या दुकानदाराने पुठ्ठ्यावरचा नंबर घेऊन त्यांच्याशी पुन्हा भांडण केलं. माझं काम असलं की मी त्याच्याकडे जायची आणि तो फोन लावायचा, त्याने कधी त्याचे पैसे घेतले नाहीत. "आपका हक का है," म्हणायचा. मला त्या पैशांचं एवढं काही राहिलं नव्हतं, पण त्याच्या जिद्दीपुढे नाही म्हणवत नव्हतं.

मृग लागायच्या सुमारास सुईदोरा घ्यायला गेले होते, तेव्हा दुकानातून त्याने हाक मारली. माझा फोन घेतला, मेसेज उघडला, वाचला, परत वाचला.

"हो गया, भाभी. जितना काटा था, पूरा वापस आया. एक पैसा बाकी नाई."

मी फोन पदराने पुसून पिशवीत ठेवला आणि त्याला म्हणाले, "बरं झालं, भाऊ."